चोपन्न नोंदींची वही

प्रकरण थोडक्यात असं: ठरवलेली सगळी पुस्तकं वाचून झाली आणि वाचणारी बाई नाराज झाली.

या काकू नाशिकरोडला, जेलरोड भागात राहतात. २०२४ च्या अखेरीस त्या प्रेसमधून निवृत्त झाल्या. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटा आणि मुद्रांक छापणारा सरकारी कारखाना; वर्तमानपत्रांशी त्याचा काही संबंध नाही. काकूंचं काम हिशेबाच्या टेबलावरचं. उभ्या आयुष्याचा काळ रकाने जुळवण्यात गेलेला, त्यामुळे निवृत्तीनंतर वाचायचं ठरवलं तेही रकाने आखूनच. १ जानेवारी २०२५ ला दोनशे पानी वही आणली, लाल शाईने उभ्या रेघा मारल्या आणि पहिल्या पानावर लिहिलं: आठवड्याला एक, वर्षाला ५२. डिसेंबर संपला तेव्हा वहीत ५४ नोंदी होत्या.

आमचा नाशिकरोडला एक छोटा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा दहा-बारा माणसं कोणाच्या तरी घरी जमतात, चहा होतो, वाचलेल्यावर बोलणं होतं, थोडं न वाचलेल्यावरही होतं. जानेवारीच्या बैठकीत दरवर्षी एकच रडगाणं असतं: ठरवलं होतं, पण जमलं नाही. काकूंचं उलटंच. सगळे त्यांचं कौतुक करत होते आणि त्या म्हणाल्या, “आकडा जुळलाय रे, ताळेबंद जुळत नाही. वर्षभर वाचलं, आणि कोणी विचारलं काय वाचलं, तर मला वही उघडावी लागते.”

म्हणून एका रविवारी दुपारी आम्ही दोघं ती वही घेऊन बसलो. पुढे जे लिहिलंय ते त्या बैठकीतून आणि नंतरच्या तीन महिन्यांतून निघालेलं आहे. काकूंची परवानगी आहे, पण दोन अटींवर: नाव घालायचं नाही आणि ‘व्यासंगी’ म्हणायचं नाही.

वहीत काय होतं

रकाने सहा. अनुक्रमांक, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, पुस्तकाचं नाव, पानं आणि ‘कुठून आलं’. शेवटचा रकाना त्यांनी केवळ सवयीने घातला होता, कारण आवक नोंदवली नाही तर हिशेब कसला. ‘कसं वाटलं’ असा रकाना मात्र कुठेच नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, “ते काय लिहायचं? ते लक्षात राहतंच की.”

तेच आधी तपासू, असं ठरलं. मी वहीतलं एकेक नाव वाचायचं आणि काकूंनी त्याबद्दल जे सुचेल ते बोलायचं. एखादं पात्र, एखादा प्रसंग, लेखकाशी झालेलं भांडण, काहीही चालेल. परीक्षा नव्हती, गुण नव्हते. निम्म्याहून थोड्या जास्त पुस्तकांवर त्या बोलल्या, काहींवर तर थांबेनात. बाकीच्यांवर “हो, हे वाचलंय” एवढंच यायचं आणि मग शांतता. एका नावावर त्या ठामपणे म्हणाल्या, हे मी वाचलेलंच नाही. मी वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांचंच अक्षर, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, पानं ९६. दोघंही खूप हसलो, पण काकूंना ते लागलं हे दिसत होतं.

विसरलेली पुस्तकं वर्षभर सारखी पसरलेली नव्हती. ती जवळजवळ सगळी सप्टेंबरनंतरची होती.

पानांचा रकाना पाहिल्यावर कारण कळायला वेळ लागला नाही. जानेवारी ते मार्च या महिन्यांतली पुस्तकं अडीचशे पानांच्या आसपासची. ऑक्टोबरपासून शंभरीच्या आत आलेली. ऑगस्टअखेर वहीत ३० नोंदी होत्या, आणि आठवड्याला एक या हिशेबाने ३५ हव्या होत्या. पाचांची तूट. हिशेबातल्या माणसाला तूट दिसली की झोप येत नाही. पुढच्या चार महिन्यांत काकूंनी २४ नोंदी केल्या. तूट भरून निघाली, वर दोन शिल्लक.

त्या २४ पैकी सहा दिवाळी अंक होते. यावर कट्ट्यावर चांगलाच वाद झाला. दिवाळी अंक पुस्तकात धरायचा की नाही? १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी घरात ऑक्टोबर-नोव्हेंबरचं वाचन म्हणजे दिवाळी अंक, आणि अनेकांचं वर्षभरातलं खरं वाचन तेवढंच असतं. एका जाड अंकात दोन कादंबरिकांएवढा मजकूर सहज निघतो. माझं मत, धरावा. पण काकूंनी जसा धरला तसा नाही. त्यांनी वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत नाव घातलं, अंक आणला, राशिभविष्य आणि दोन कथा वाचल्या, परत दिला, नोंद केली. “पुढचा अंक नंबरला होता ना,” त्या म्हणाल्या. म्हणजे नंबर वाचनालयात लागलेला होता आणि वहीतही.

लक्ष्याचं गणित

५२ पुस्तकं, प्रत्येकी सरासरी दोनशे पानं धरली तर १०,४०० पानं. दिवसाला साडेअठ्ठावीस. निवृत्त माणसाला हे अशक्य नाही. पहिल्या तिमाहीत काकूंनी रोज तीसेक पानं वाचलीच. पण या गणितात लग्नं नाहीत, आजारपणं नाहीत, श्रावणातले पाहुणे नाहीत, डोळ्यांत थेंब घालून दुपारभर पडून राहायचं असतं ते दिवस नाहीत. आणि मुख्य म्हणजे जाड पुस्तक नाही. आठवड्याला एक असं ठरवलं की सहाशे पानांचं पुस्तक हातात घेणारा माणूस तिथेच तीन आठवड्यांचा कर्जदार होतो. काकूंच्या घरात अशी तीन जाडजूड पुस्तकं होती. एकाचीही वहीत नोंद नव्हती. एक तर फेब्रुवारीत काढून, वजन बघून परत ठेवलेलं.

आकडा पाळायचा तर पुस्तक लहान करावं लागतं, हे काकूंनी कोणी न सांगता शोधून काढलं आणि स्वतःलाही न सांगता अमलात आणलं. मोबाईलवर वर्षाअखेरीस पुस्तकांच्या थप्प्यांचे फोटो आणि खाली आकडा टाकणाऱ्यांबद्दल माझं मन फारसं मोठं नाही, हे इथे कबूल केलेलं बरं. पण काकू तसल्या नव्हेत. त्यांनी कोणाला दाखवण्यासाठी काही केलं नव्हतं. वहीलाच दाखवत होत्या.

तूट आली कुठून

इथपर्यंतचं निदान कोणीही केलं असतं. घाई झाली, पुस्तकं पातळ झाली, विसरली. मला ऑगस्टपर्यंतच्या त्या पाचांच्या तुटीत जास्त रस होता. मार्चपर्यंत व्यवस्थित चाललेली गाडी कुठे अडली?

जून-जुलैच्या पानांवर एकच नोंद सात आठवडे पसरलेली होती: लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. ‘कुठून आलं’मध्ये लिहिलेलं, ‘वन्सं’.

काकूंच्या नणंद सटाण्याला असतात. जूनमध्ये त्या आठ दिवस राहायला आल्या, येताना हे पुस्तक आणलं. दुपारी एकीने वाचायचं, दुसरीने भाजी निवडायची. लक्ष्मीबाई १८६८ साली जलालपूरला जन्मल्या. हे गाव गोदावरीच्या काठी, नाशिकला लागूनच. वडिलांचं सोवळ्याचं वेड, त्या वेडापायी घरातल्या सगळ्यांचे झालेले हाल, आणि हे सगळं कडवटपणाचा थेंब न सांडता, मिस्कील सुरात सांगणं. काकूंनी हे वाचताना मध्येच पुस्तक मिटलं आणि दोघी आपल्या सासूबाईंबद्दल बोलायला लागल्या. काकूंच्या सासूबाई, म्हणजे वन्संच्या आई. त्यांच्याबद्दल या दोघी इतक्या वर्षांत मोकळेपणाने बोललेल्याच नव्हत्या, कारण एकीची ती आई आणि दुसरीची सासू. लक्ष्मीबाईंच्या आडून बोलता आलं.

नणंद परत गेल्या तरी वाचन थांबलं नाही. पुस्तक काकूंकडे राहिलं, वन्संनी तिकडच्या वाचनालयातून दुसरी प्रत मिळवली आणि रात्री जेवणं झाल्यावर फोनवर पुढचं. लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याचं, ना. वा. टिळकांचं, धर्मांतर आलं तिथे आठवडाभर पुढे सरकल्याच नाहीत. नवरा ख्रिस्ती झाला, ही मागे राहिली, मग हळूहळू स्वतःच्या पायांनी तिथवर कशी चालत गेली, यावर दोघींची मतं वेगळी होती आणि अजूनही आहेत. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेलं हे आत्मचरित्र दोन बायकांना नव्वद वर्षांनंतर रोज रात्री अर्धा तास फोनवर भांडायला लावतं, याहून वेगळी शिफारस मी करू शकत नाही.

काकू या एका पुस्तकावर मला अर्धा तास सांगत होत्या. वहीत त्याची किंमत: १.

म्हणजे वर्षातलं सगळ्यात चांगलं वाचनच वहीच्या दृष्टीने तूट ठरलं होतं. आणि ती तूट भरून काढायला त्यांनी जी पुस्तकं वाचली, तीच आता आठवत नव्हती. मी हे बोलून दाखवलं तेव्हा काकूंनी चष्मा काढून वही जवळ ओढली, तारखांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “हे तर भलत्याच खात्यात पडलंय सगळं.”

‘कुठून आलं’

मग आम्ही तो शेवटचा रकाना धरून बसलो. दिवाळी अंक सोडले तर ४८ पुस्तकं. त्यांतली २६ वाचनालयातली, ११ कोणी ना कोणी दिलेली, ८ स्वतः विकत घेतलेली, ३ घरातली जुनी. माणसांनी दिलेल्या ११ पैकी १० वर काकू भरभरून बोलल्या. वाचनालयातल्यांपैकी निम्म्यांवर.

यावरून वाचनालयाची पुस्तकं वाया गेली असा निष्कर्ष काढणं चूक ठरलं असतं. काकूंच्या वाचनाचा कणा वाचनालयच होतं. सार्वजनिक वाचनालय नाशिक, म्हणजे आपलं ‘सावाना’, १८४० पासून चालू आहे. राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. जेलरोडहून तिथे जायचं म्हणजे सिटीलिंकची बस पकडून द्वारकेवरून शालिमार, मग थोडं चालणं. परतीची तारीख चुकली की दंड, म्हणून जायचंच. जायचंच म्हणून पुस्तक संपवायचंच. परतीच्या तारखेचा धाक नसता तर ही वही मार्चमध्येच बंद पडली असती. वर्षाच्या पूर्वार्धात आणलेली वाचनालयाची पुस्तकं काकूंना आठवतही होती. विसरलेली होती ती उत्तरार्धातली, रॅकसमोर उभं राहून कण्याची जाडी बघून उचललेली.

शंका राहू नये म्हणून उलटं तपासलं. घाईच्या त्या चार महिन्यांतही दोन पुस्तकं माणसांकडून आलेली होती. दोन्ही पातळ. दोन्ही लख्ख आठवत होती. तेव्हा दोष पानांचाही नव्हता.

त्यांतलं एक होतं बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’. १९६३ चा कथासंग्रह. प्रेसमधला एक जुना सहकारी विहितगावात राहतो, त्याने दिवाळीच्या फराळाला आला तेव्हा दिला. बागूल विहितगावचे, जन्म १९३० चा. प्रेसपासून विहितगाव म्हणजे रिक्षेने दहा मिनिटं. “मी नोकरीची सगळी वर्षं इथे काढली,” काकू म्हणाल्या, “आणि हा माणूस या गावचा हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही म्हणा.” भाड्याच्या खोलीसाठी जात लपवणारा रेल्वेतला तरुण, आणि ती उघडी पडल्यावर जे होतं ते. काकूंनी शीर्षककथा दोनदा वाचली. मग सहकाऱ्याला फोन केला. बोलता बोलता त्याने सांगितलं की बदली होऊन आलेल्या एका साहेबाच्या हाताखाली असताना तो स्वतः डबा कुठे बसून खायचा. काकूंचं टेबल तिथून चार टेबलं पलीकडे होतं.

हे सांगून झाल्यावर त्यांनी वही पुन्हा पहिल्यापासून उलटली, या वेळी लेखकांची नावं आठवत. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे वर्षभर मी आपल्याच वाड्यात फिरत होते की.” मला यावर काही जोडायची गरज वाटली नाही.

विकत घेतलेल्या पुस्तकांची गोष्ट निराळी. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. तिथल्या ग्रंथप्रदर्शनातून काकूंनी दोन पिशव्या भरून पुस्तकं आणली. चार वर्षांत त्यांतली थोडीच उघडली गेली. संमेलनाध्यक्ष जयंत नारळीकर होते, म्हणून त्यांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ घेतलेलं; तेही पिशवीतच. मे २०२५ मध्ये नारळीकर गेल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी काकूंनी पिशवी शोधली आणि पुस्तक सहा दिवसांत वाचलं. वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे. तेव्हा वसंत व्याख्यानमालेचे दिवस होते. गोदाघाटावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंशी यावरच गप्पा झाल्या, हेही त्यांना आठवत होतं.

विकत घेतलेलं पुस्तक वाट बघू शकतं, आणि तेच त्याच्या मुळावर येतं. त्याला परतीची तारीख नसते आणि “झालं का वाचून?” असं विचारणारं कोणी नसतं.

नव्या वर्षाची आखणी

माझा पहिला प्रस्ताव होता, आकडाच नको. काकूंनी तो साफ उडवून लावला. “आकडा नसेल तर मी दुपारी मालिका बघेन. मला मी माहीत आहे.” रास्त होतं. मग आकडा ठेवला, पण पुस्तकांचा नाही, बोलण्याचा. वर्षाअखेर अशी वीस पुस्तकं हवीत ज्यांवर कोणाशी तरी नीट बोलणं झालेलं आहे. किती वाचली याला मर्यादा नाही, खालची नाही आणि वरचीही नाही. वहीत एक सातवा रकाना आला: ‘कोणाशी’.

दुसरा वाद अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचा. मी म्हणालो, सोडलेलं पुस्तकही लिहायचं, कितव्या पानावर सोडलं आणि का, तेही. काकूंना ते पटेना. त्यांच्या लेखी अर्धी नोंद म्हणजे थकबाकी, आणि थकबाकी घेऊन वर्ष बंद करायचं नसतं. मी म्हणालो, थकबाकी कशाला, सरळ बुडीत खाती टाका. हा शब्द मात्र लागू पडला. बुडीत म्हटलं की वसुली संपते. वहीच्या मागच्या बाजूने आता ‘बुडीत’ असं पान सुरू झालंय आणि त्यावर आजवर चार नावं आहेत. एकापुढे कारण लिहिलंय, ‘लेखक स्वतःवर फार खूश’.

नाशिकचं एक स्वतंत्र खातं असावं, ही कल्पना काकूंची. बागुलांमुळे सुचलेली. आपल्या आसपासच्या कोसांत कोण कोण लिहून गेलं, ते ओळीने वाचायचं. यादी करायला बसलो तर ती भराभर वाढली. कुसुमाग्रज, ज्यांची ‘विशाखा’ १९४२ ची, वसंत कानेटकर, ज्यांनी नाटकं लिहिली ती नाशकात राहून, भगूरचे सावरकर, विहितगावचे बागूल, जलालपूरच्या लक्ष्मीबाई. आणि साने गुरुजी नाशिकचे नसले तरी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगातच लिहिली गेली, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत. काकूंनी यादीकडे बघून म्हटलं, “यांना एका फळीवर ठेवलंस तर रात्री भांडणं ऐकू येतील.” ऐकू यावीत, म्हणूनच हे खातं.

न निवडलेल्या पुस्तकांसाठीही जागा हवी होती, कारण ती ११ पुस्तकं काकूंनी निवडलेली नव्हतीच, ती चालून आली होती. त्यासाठी कट्ट्याने पेटीचा विचार सुरू केलाय. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत पुस्तकांनी भरलेली पेटी गटाला मिळते, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाकडे जाते आणि दुसरी येते. पेटीत काय असेल हे आपल्या हातात नसतं. नाशिकमध्येच जन्मलेली ही योजना आता बाहेरच्या राज्यांत आणि परदेशांतही पोचलीय, आणि आम्ही नाशिकरोडवाल्यांनी अजून अर्जसुद्धा केला नव्हता.

आणि उरलं ते जाड पुस्तक. काकूंना ज्ञानेश्वरी वाचायची होती. पारायण नव्हे, पारायणं त्यांनी सासूबाईंच्या हाताखाली केलेली आहेत, सात दिवसांत पूर्ण, अर्थ तसाच शिल्लक. या वेळी कळेपर्यंत थांबून वाचायची होती. ओव्या नऊ हजारांच्या आसपास. दिवसाला पंचवीस घेतल्या तर वर्ष लागतं. पण सोबत कोण? वन्सं नको म्हणाल्या, डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. शेवटी पुतण्या तयार झाला. हा मुंबईत नोकरीला, रोज पंचवटी एक्सप्रेसने जातो-येतो, पासधारकांच्या डब्यात. एका बाजूला साडेतीन तासांहून जास्त बसणं, त्यातला इगतपुरीपर्यंतचा वेळ झोपेचा, कसारा घाट उतरला की मोबाईल. त्याने मोबाईलवर ज्ञानेश्वरी उतरवून घेतली. ठरलं असं की दोघांनी रोजच्या पंचवीस ओव्या आपापल्या वेळी वाचायच्या आणि रविवारी सकाळी एकेक प्रश्न घेऊन बसायचं. उत्तर मिळालंच पाहिजे असं नाही.

मार्चअखेर

आखणीतलं सगळंच चाललं नाही. फेब्रुवारी लग्नसराईत गेला. दोन आठवडे वही उघडली नाही. गेल्या वर्षी याने काकू कासावीस झाल्या असत्या, या वेळी रकान्यात सरळ ‘लग्नं’ असं लिहून मोकळ्या झाल्या. कानेटकरांची नाटकं मात्र अडली. एकटीने नाटक वाचणं हा रुक्ष प्रकार आहे, असं त्यांनी दोन अंकांतच जाहीर केलं. ती आता कट्ट्यावर, भूमिका वाटून घेऊन वाचायची असं ठरलंय. पुरुषपात्रांसाठी माणसं कमी पडताहेत. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, ‘विशाखा’तल्या कविता मोठ्याने वाचल्या, ती बैठक चांगली झाली. बागुलांचा दुसरा संग्रह, ‘मरण स्वस्त होत आहे’, झाला. ‘कोणाशी’च्या रकान्यात त्याच सहकाऱ्याचं नाव आहे आणि खाली बारीक अक्षरात ‘त्याची बायको पण’. एका ग्रंथप्रदर्शनातून काकूंनी पुन्हा पुस्तकं आणलीच, पण दोन. आणि घेतानाच त्यांवर पेन्सिलीने लिहिलं होतं, कोणासोबत वाचायचं ते. मला त्यांतलं एक आलंय. विषय पाहता मी ते स्वतःहून कधी उचललं नसतं.

ज्ञानेश्वरीचा हिशेब मात्र चुकलाय. पंचवीसच्या दराने मार्चअखेर सव्वादोन हजार ओव्या व्हायला हव्या होत्या, म्हणजे सहावा अध्याय मागे पडलेला हवा होता. दोघं अजून सहाव्यातच आहेत. पुतण्या म्हणतो, हा योगाचा भाग आपल्याला झेपत नाही, वरवर वाचून पुढे जाऊ, नाहीतर अठरावा एकटाच अठराशे ओव्यांचा आहे, डिसेंबरात धावपळ होईल. आणि वेगाने काही बिघडत नाही, साने गुरुजींनी अख्खं पुस्तक पाच दिवसांत लिहिलं. काकूंचं म्हणणं, लिहिणाऱ्याला सगळं आधीच माहीत होतं, आपल्याला नाही. सहावा पुन्हा पहिल्या ओवीपासून घ्यायचा.

तूट भरायची कशी, यावर त्यांचं उत्तर तयार होतं. यंदा अधिक महिना आहे, १७ मेपासून अधिक ज्येष्ठ. “तीस दिवस जास्तीचे मिळतात, त्यात भरून काढू.” पुतण्याने गेल्या रविवारी तासभर समजावलं की अधिक मास आला तरी जानेवारी ते डिसेंबर दिवस ३६५ च राहतात. काकूंना ते मान्य नाही. त्यांनी वहीत अधिक ज्येष्ठासाठी वेगळं पान आखून ठेवलंय.